काजळीशी शंभर वर्षे

माझ्या टेबलावर पेनांच्या डब्याशेजारी एक जुना स्पार्क प्लग उभा आहे. लांबी बोटाएवढी. वर पांढरी चिनी माती, मध्ये आटे पाडलेले लोखंड आणि टोकाशी काळे, तेलकट पुट. येणारे-जाणारे तो उचलून पाहतात, बोटे काळी करून घेतात आणि विचारतात, "मास्तर, हे काय जपून ठेवलंत?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून यंदाच्या दिवाळीला ते सविस्तरच लिहून टाकावे असे ठरवले.

आधीच सांगितलेले बरे, की मी शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. कादंबऱ्या लिहितो त्या माणसांच्या. यंत्रांशी माझा संबंध सायकलच्या पंपापलीकडे कधी गेला नव्हता. तो जोडून दिला कर्ली नदीने.

झाले असे. काही वर्षांपूर्वी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि मी देवबागहून पलीकडच्या कोरजाईला निघालो होतो. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते. मुखाशी वाळूचे दांडे आहेत आणि ओहोटीच्या वेळी नदीचे सारे पाणी त्या तोंडातून बाहेर धावत असते. होडी लहान, मागच्या फळीला टांगलेले मशीन, आणि आम्ही सहाजण उतारू. त्यात एक लेकुरवाळी होती; पहिलटकरीण पोरीच्या पहिल्या दिवाळीला माहेरी चालली होती. पोरगी तीन-चार महिन्यांची. डोळ्यांत काजळ, गालावर ठसठशीत तीट. इंजिनाच्या तालावर ती गाढ झोपली होती.

पात्राच्या मध्यावर मशीन दोनदा खोकले आणि गप्प झाले.

त्या क्षणाची शांतता मी विसरणार नाही. इंजिन थांबल्याबरोबर पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि त्यामागे मुखाशी फुटणाऱ्या लाटांचा. होडी हळूच तोंड फिरवून समुद्राकडे सरकू लागली. पोरगी जागी होऊन रडायला लागली. म्हाताऱ्या तांडेलाने मुलाला एवढेच सांगितले, "वल्ह्यार बस." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "घाबरा नकात, गुरुजी. पलग काळो पडलो हा."

मुलाने वल्ह्याने होडीचे नाक प्रवाहाच्या उलट धरून ठेवले. होडी पुढे जाईना. पण मागे जाण्याचा तिचा वेग कमी झाला. म्हाताऱ्याने मशीनचे टोपण काढले, पाना लावून प्लग फिरवून बाहेर काढला. तो ओला होता आणि शाईत बुडवल्यासारखा काळा. धोतराच्या सोग्यातून त्याने एक डबी काढली. तिच्यात चिंधीत गुंडाळलेला दुसरा प्लग होता. तो बसवला, दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी मशीनने निळा धूर सोडला आणि ते सुरू झाले. तोपर्यंत लाटांचे पांढरे तोंड पुरते दिसू लागले होते.

धक्क्यावर उतरल्यावर मी तो काळा प्लग मागून घेतला. "असे का झाले?" म्हणून विचारले. म्हातारा मोकळेपणाने म्हणाला, "चूक माझीच. सकाळपासून पावण्यांका घेवन हळूहळू फिरवलंय. वर तेल पण जास्तच पडलां."

हळू चालवले म्हणून इंजिन बंद पडावे आणि तेल जास्त घातले म्हणून बिघडावे, ही दोन्ही कारणे माझ्या मास्तरी बुद्धीला उलटी वाटली. हळू चालणारा तर दमत नाही, आणि तेल म्हणजे यंत्राचे दूधतूप! या कोड्याच्या मागे लागून मी पुस्तके चाळली, गॅरेजवाल्यांना छळले. तेव्हा उलगडले, की त्या प्लगवरच्या काजळीच्या मागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

होडीच्या पाठीला टांगायच्या मोटारीची कल्पना तशी जुनी. १८८१ साली गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसच्या सेन नदीत विजेवर चालणारी अशी मोटार होडीला लावून दाखवली. पुढे अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या तरुणाने मोटारसायकलचे इंजिन होडीमागे बसवून १९०५ साली डेट्रॉइट नदीत चालवून पाहिले. पण घरोघरी ही मोटार पोचवली ती ओले एव्हिनरूडने.

ओले १८७७ साली नॉर्वेत जन्मला आणि लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन प्रांतात आला. शाळा लवकर सुटली. पुढचे सगळे शिक्षण कारखान्यांतून झाले. त्याची गोष्ट अमेरिकेत मुलांनासुद्धा ठाऊक असते. १९०६ च्या उन्हाळ्यात ओकॉची सरोवराच्या काठी मंडळी सहलीला गेली होती. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम हवेसे झाले. ओले वल्ही मारीत पलीकडच्या काठाला गेला आणि आइस्क्रीम घेऊन वल्ही मारीत परत आला. तोवर उन्हात त्याचे पाणी झाले होते. बेसशी त्याचे लग्न त्याच वर्षी झाले. पण वल्ह्यांचा राग काही गेला नाही. त्याने होडीला टांगता येईल अशी मोटार बनवली. बेसने ती पाहिली तेव्हा तिला ते कॉफी दळायचे यंत्र वाटले, असे सांगतात. ओलेच्या एका मित्राने ती एक दिवस उसनी नेली आणि येताना दहाजणांची मागणी घेऊन आला, असेही सांगतात. १९०९ मध्ये ती बाजारात आली. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन बासष्ट पौंड, म्हणजे सुमारे अठ्ठावीस किलो, आणि किंमत बासष्ट डॉलर. पत्रव्यवहार आणि जाहिराती बेस पाहत असे. आता वल्ही फेकून द्या, असे तिने जाहिरातीत लोकांना बजावले होते. ही जाहिरात वाचकांनी लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

एका माणसाने उचलून होडीला लावता येईल इतके हलके इंजिन करायचे, तर त्याचे अवयव कमी हवेत. त्यासाठी दोन फटक्यांचे इंजिन, ज्याला आपले कारागीर 'टू स्ट्रोक' म्हणतात, ते सोयीचे होते. स्कॉटलंडच्या ड्युगल्ड क्लार्कने अशा इंजिनाचे पेटंट १८८१ मध्ये घेतले. मग १८९१ च्या सुमारास इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने त्यात फार साधी युक्ती केली. दट्ट्या खाली येतो तेव्हा त्याच्याखालच्या पेटीतली हवा दाबली जाते. तिच्याच जोरावर ताजे मिश्रण वर ढकलायचे. वेगळा पंप नको, उघडझापीच्या झडपांचा पसारा नको.

परंतु या साधेपणात एक मेख होती. इंधन आणि हवा यांची वाट इंजिनाच्या पोटातूनच जात असल्यामुळे वंगणाची स्वतंत्र विहीर त्या पोटात ठेवता येत नाही. म्हणून वंगण पेट्रोलमध्येच कालवायचे. ते वाटेत धुऱ्यांना, दट्ट्याला माखत जाते आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळते. बरेचसे जळते, असे म्हणायला हवे. जे धड जळत नाही, त्याची काजळी होते. म्हणजे हलकेपणा मिळाला तो काजळीच्या कर्जावर, आणि त्या कर्जाचे व्याज पुढची शंभर वर्षे कोळ्यांनी आणि कारखानदारांनी फेडले.

आता ती काजळी प्लगला का छळते, ते पाहू. लेन्वार नावाच्या कारागिराने पॅरिसमध्ये १८६० साली केलेल्या गॅसच्या इंजिनातही ठिणगी पाडणारा प्लग होता. पण आजच्या वळणाचा भरवशाचा प्लग आला तो १९०२ मध्ये. रॉबर्ट बॉशच्या जर्मनीतल्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअराने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला. त्याचे काम एका ओळीत सांगता येते. हजारो व्होल्टची वीज मधल्या तारेतून खाली येते आणि दुसरी वाट नसल्यामुळे टोकाच्या फटीवरून उडी मारते. ती उडी म्हणजे ठिणगी. भोवतालची चिनी माती विजेला इकडेतिकडे जाऊ देत नाही.

पण चिनी मातीवर काजळी बसली, की विजेला दुसरी वाट सापडते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते; टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी कांडी कार्बनचीच असे. वीज मग त्या काळ्या पायवाटेने मुकाट्याने उतरून जाते. उडी नाही, ठिणगी नाही, इंजिन बंद. कर्लीच्या मुखाशी आमच्या होडीत हेच झाले होते.

काजळी केव्हा धरते याचे शास्त्र मला पुस्तकांपेक्षा आमच्या आजीच्या स्वयंपाकघराने अधिक समजावले. दिवाळीआधी ती काजळ धरायची. एरंडेलाचा दिवा लावून दोन्ही बाजूंना दोन विटा ठेवायच्या आणि त्यांवर तांब्याचे ताट पालथे घालायचे. ज्योत ताटाला टेकली की पुरती जळण्याआधीच निवते, आणि न जळलेला कार्बन ताटाला चिकटतो. सकाळी तो बोटाने पुसून डबीत भरायचा. थंड धातूवर काजळी धरते, हा पहिला नियम. कंदिलाची वात आम्ही मुले उगाच वर काढायचो, तेव्हा काच काळी होऊन आजीचा धपाटा मिळायचा. तेल जास्त आणि हवा अपुरी पडली, की काजळी, हा दुसरा नियम.

आणि तिसरा नियम तव्याचा. भाकऱ्या चालल्या असता तवा खूप तापला, की त्याच्या बुडाच्या काजळीत लाल ठिणग्या धावू लागतात. "तवा हसला, पाहुणे येणार," असे बायका म्हणतात. पाहुणे येवोत न येवोत, तव्याचे बूड मात्र तिथे स्वच्छ होते. कारण धातू पुरेसा तापला, की काजळी आपोआप जळून जाते.

प्लगचे सारे शास्त्र या ताटाच्या आणि तव्याच्या मध्ये आहे. प्लगचे टोक साधारण साडेचारशे ते पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तर तो हसऱ्या तव्यासारखा स्वतःला साफ ठेवतो. त्याच्या खाली राहिला, तर तो काजळाचे ताट होतो. उलट साडेआठशेच्या वर गेला, तर ठिणगीची वाट न पाहता तापलेल्या टोकानेच मिश्रण पेटते आणि दट्ट्याला भोकसुद्धा पडू शकते. म्हणून कारखानदार एकाच मापाचे निरनिराळे प्लग करतात. ज्याच्या चिनी मातीचे नाक लांब, तो उष्णता धरून ठेवतो. ज्याचे आखूड, तो ती लवकर सोडून देतो. दिसायला दोन्ही सारखे. त्यामुळे दुकानात जो मिळेल तो प्लग बसवणारा माणूस ताट मागायला जाऊन तवा घेऊन येतो, किंवा तवा मागायला जाऊन ताट.

आता म्हाताऱ्याचे कोडे सुटते. इंजिन हळू चालले की आत थोडेच इंधन जळते. प्लग तापत नाही. ज्या जुन्या मोटारींची ठिणगी मॅग्नेटोवर अवलंबून, त्यांची चक्रे मंद फिरल्यामुळे ठिणगीही दुबळी होई. शिवाय मंद गतीला पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने जास्त असते. तीनही शत्रू एकाच वेळी चालून येतात. म्हणूनच अमेरिकेच्या सरोवरांवर गळ मागे सोडून तासन् तास सावकाश होडी हाकणारे लोक सगळ्यांत जास्त प्लग काळे करीत. शर्यतीवाल्यांचे दुखणे वेगळे. त्यांचे प्लग जळत.

तेलाचीही तीच गोष्ट. जुन्या मोटारींना सोळा किंवा चोवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल घालावे लागे. एवढे तेल जळताना केवळ प्लगच काळा होत नसे. दट्ट्याच्या खाचांत कार्बन साचून कड्या चिकटत, मग दाब सुटे. धूर बाहेर पडायची भोके कार्बनने बारीक होत आणि इंजिनाचा श्वास कोंडे. वर्षा-दोन वर्षांनी डोके उघडून दट्ट्यावरची खपली लाकडी पट्टीने खरवडणे हा मोटारवाल्यांचा सणच असे. त्यातच १९२१ मध्ये टॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळायची क्लृप्ती शोधली. इंजिनाची ठोठो थांबली. पण प्लगवर काजळीच्या जोडीला शिशाची पुटे चढू लागली. माणसांच्या रक्तात ते शिसे किती गेले, तो हिशेब फार उशिरा झाला. आपल्या देशात शिशाचे पेट्रोल २००० साली बंद झाले.

सुधारणा थेंबाथेंबाने आल्या. चांगल्या धुऱ्या आणि चांगली तेले मिळू लागल्यावर १९६४ पासून एव्हिनरूड आणि तिची जोडीदार जॉन्सन यांच्या मोटारींना पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल पुरू लागले. मोटारगाडीचे तेल होडीत चालत नाही, हेही लोकांना कळले. गाडीच्या तेलात मळ धुणारी धातुयुक्त द्रव्ये असतात. ती जळली की राख उरते आणि ती राख प्लगवर बसते. म्हणून पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी राख न ठेवणारी निराळी तेले निघाली आणि त्यांच्या कसोट्या ठरल्या. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ठिणगीचीही नवी तऱ्हा आली. वीज आधी साठवून ठेवायची आणि एकदम सोडायची. ती इतक्या झपाट्याने येते, की काजळीच्या पायवाटेने पाझरून जायला तिला सवडच मिळत नाही.

आणि १९६४ मध्येच जपानच्या होंडा कारखान्याने चार फटक्यांची होडीमोटार विकायला काढली. हिच्यात वंगण आपल्या विहिरीत राहते, पेट्रोलबरोबर जळत नाही. ती जड होती, महाग होती. पण पाण्यावर तेलाचा तवंग नको, हा आग्रह जगात वाढत गेला. अमेरिकन सरकारने १९९६ मध्ये होडीमोटारींच्या धुरावर कडक नियम केले, आणि जुन्या धाटणीच्या मोटारी तिथून मागे पडल्या. २०२० च्या मे महिन्यात एव्हिनरूड मोटारींचे उत्पादनच थांबले. आइस्क्रीमच्या पाण्यातून निघालेले नाव एकशे अकरा वर्षे चालले.

पण आमच्या किनाऱ्यावर जुन्या मशीनची खोकणारी फौज अजून आहे. तिला आणखी एक आजार आहे, तो रॉकेलचा. रॉकेल स्वस्त होते, तेव्हा गरीब कोळी त्यावर मशीन चालवू लागला. पण ते पेट्रोलसारखे चटकन वाफाळत नाही. म्हणून आधी पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर घ्यायचे, आणि थांबवण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी आत रॉकेल साचून राहत नाही. यातली एक पायरी चुकली, की काजळी आलीच.

पुढे मी त्या म्हाताऱ्याकडे अनेकदा गेलो. त्याचे नियम असे. तेल मापून घालायचे. अंदाजाने घातलेले तेल म्हणजे वात वर काढलेला कंदील. पुस्तकात लिहिलेल्या नंबराचाच प्लग आणायचा आणि त्याची फट पत्रीने मोजायची. गार मशीनला दिलेला चोक तापताच काढायचा. सावकाश फिरवावे लागले, तर मधूनमधून काही वेळ मशीन मोकळे पळवायचे, म्हणजे तवा हसतो. किनाऱ्याला येण्याआधीही तसेच. महिन्याकाठी प्लग काढून त्याचे तोंड वाचायचे. भाजलेल्या रव्याचा रंग असेल तर सारे ठीक. कोरडा काळा असेल तर इंधन जास्त किंवा प्लग थंड. ओला काळा असेल तर तेल जास्त. पांढराफटक असेल तर मशीन भाजते आहे. आणि काळा प्लग घासून पुन्हा लावण्याची काटकसर खोल पाण्यात करायची नाही. घासताना चिनी मातीला चरे पडतात आणि काजळी तिथे दुप्पट वेगाने धरते.

"आणि एवढं करूनही बंद पडलं तर?" मी विचारले.

त्याने होडीच्या तळाशी आडव्या पडलेल्या वल्ह्याकडे बोट दाखवले. "म्हणान तां आसा."

बेसबाईंची जाहिरात मला तेव्हा आठवली. लाखो लोकांनी ती मोटार घेतली, पण शहाण्या माणसाने वल्हे काही फेकले नाही. त्या दिवशी होडीचे नाक प्रवाहाच्या उलट धरून ठेवले ते त्या वल्ह्याने, आणि मशीन पुन्हा बोलले ते चिंधीतल्या प्लगमुळे.

ती तीट लावलेली पोरगी यंदा शाळेत आली आहे. परवा ती टेबलाशी आली, प्लग उचलला, बोट काळे करून घेतले आणि ते आपल्याच गालाला पुसले. आईने हसून माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. काजळी गालावर असली, की तिचे काहीच बिघडत नाही.